घरी बनवलेलं कॅबिनेट आणि पीसी मॉडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, पण ड्रिल हातात घेतल्यावर भोक नेमकं कुठे पाडायचं ते कळत नाही, अशांसाठी हे पान आहे. कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, कुठल्या गेमला किती फ्रेम मिळतील, यातलं इथे काही नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती परत येणार आहे : मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा (त्याला ट्रे म्हणतात) स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. बाकी लाकूड, काच, पत्रा, रंग, सगळं तुमच्या मर्जीचं.

मॉडिंग म्हणजे नेमकं काय? एलईडी पट्टी लावली की झालं का?

पट्टी लावायला कोणाची ना नाही, पण त्याला सजावट म्हणूया. मॉडिंगमध्ये कापाकापी आली. तयार कॅबिनेटला खिडकी पाडणं, वरून पंखा बसवणं, पॅनेल बदलणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे कोऱ्या कागदावरून सगळं स्वतः उभं करणं. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे आणि आमच्या मते घरी काम करणाऱ्याला तोच सगळ्यात शहाणपणाचा : आतला सांगाडा जुन्या कॅबिनेटचा, बाहेरचं सगळं नवं. बघणाऱ्याला ते संपूर्ण हाताने बनवलेलंच वाटतं.

ही हौस सुरू कुठून झाली?

गरजेतून. नव्वदच्या दशकातली कॅबिनेटं मळकट पिवळसर पत्र्याची असायची आणि आत हवा खेळती राहावी असा विचार त्यात फारसा नव्हता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला. त्याची बस, म्हणजे बोर्डशी बोलायची वाट, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, आणि पळायचा तसा तापायचाही. मग लोकांनी वरच्या पत्र्याला भोक पाडून पंखा बसवला. त्याच वर्षी ॲपलचा निळा, अर्धपारदर्शक आयमॅक आला आणि कॉम्प्युटर दिसायलाही बरा असू शकतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं. भोकांच्या मागोमाग खिडक्या आल्या, खिडक्यांमागे कोल्ड कॅथोडच्या, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारख्या, नळ्या आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणाऱ्या केबली.

पुढे कंपन्या हे सगळं कारखान्यातूनच द्यायला लागल्या. आज साध्या कॅबिनेटलाही बाजूला काच आणि पुढे रंगीत पंखे येतात. त्यामुळे नुसत्या खिडकीचं कौतुक संपलं आणि हौशी मंडळी लहान आकार, लाकूड, वेगळी मांडणी यांकडे वळली. एनकेस एम१ हे छोटं कॅबिनेट हौशी लोकांनीच आखलं, २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि लियान ली कंपनीकडून ते बनवून घेतलं. अलीकडे उलट वारंही वाहतं. २०२२ मध्ये फ्रॅक्टल डिझाइनने नॉर्थ हे पुढे खऱ्या लाकडाच्या पट्ट्या असलेलं कॅबिनेट काढलं. हौशी लोक तसं काम घरी कधीपासून करत होते.

पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कशाने करू?

भंगारवाल्याकडे जा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांच्या माळ्यावरही जुनी एटीएक्स कॅबिनेटं धूळ खात पडलेली असतात आणि दुकानदाराला ती अडगळच वाटते. एटीएक्सची मापं इंटेलने १९९५ मध्ये ठरवली आणि आजही तीच चालतात, म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या ट्रेवर आजचा बोर्ड बसतो. फक्त बड्या कंपन्यांचे ऑफिसातले जुने डेस्कटॉप टाळा. त्यांत बऱ्याचदा बोर्ड, पॉवर सप्लाय, पुढच्या बटणाचं कनेक्टर, सगळं त्यांचं स्वतःच्या मापाचं असतं.

मग रिव्हेट काढायच्या. डोक्याच्या मधोमध ३.२ मिमीचं बिट धरून ड्रिल हळू फिरवला की डोकं सुटून बिटवर येतं. उरलेला देठ पंचने मागे ढकलायचा. अर्ध्या तासात तुमच्या हातात बोर्डचा ट्रे आणि त्याला काटकोनात जोडलेला मागचा पत्रा येतो. हे दोन्ही एकमेकांपासून सुटे करू नका. त्यांच्यातलं अंतर आणि कोन हाच तर खरा माल. त्याभोवती काय हवं ते बांधा.

पण मला सगळं स्वतःच करायचंय. कोणती मापं लागतील?

बरं, मग घ्या. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. मिनी आयटीएक्सला चारच भोकं असतात आणि ती एटीएक्सच्याच भोकांच्या जागी येतात. बोर्ड पत्र्यापासून साधारण साडेसहा मिमी वर, पितळी स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, उभा राहतो. मागे यूएसबी वगैरेची जी चौकट असते तिचं भोक १५८.७५ × ४४.४५ मिमी. कार्डांच्या दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी. नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, रुंदी १५० आणि उंची ८६ मिमी, लांबी कंपनीप्रमाणे बदलते. छोटा एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० मिमी. १२० मिमीच्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी, १४० च्या पंख्याचं १२४.५.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीपाशी. कार्ड स्लॉटमध्ये बसतं, पण त्याची मागची लोखंडी पट्टी एक मिमी आत-बाहेर असली तर स्क्रू लागत नाही. लावलाच तर कार्ड तिरकं होतं आणि स्लॉटवर ताण येतो. म्हणूनच जुन्या ट्रेचा एवढा आग्रह.

लेझर कटिंगला फाइल द्यायच्या आधी ती एकास एक मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि खरा बोर्ड त्यावर ठेवून बघा. प्रिंटर कधीकधी 'पानात बसवा' म्हणून चित्र गुपचूप लहान करतो. त्यासाठी कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर ती पट्टीने मोजा.

वरच्या पत्र्याला पंख्याचं भोक पाडायचंय. गोल नीट येईल ना?

येईल, घाई केली नाही तर. आधी कॅबिनेट पूर्ण रिकामं करा. 'बोर्ड आतच असू दे, कपडा टाकतो' असं म्हणणाऱ्यांच्या बोर्डवर लोखंडाचा कीस पडतो, आणि तो कधी शॉर्ट करेल सांगता येत नाही.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. टेपवर पंखा ठेवून चार स्क्रूंच्या खुणा करा, मग पंखा बाजूला ठेवून समोरासमोरच्या खुणा जोडा. दोन रेघा जिथे छेदतील तिथे केंद्र. तिथे सेंटर पंचने एक टोला द्या, नाहीतर बिट गुळगुळीत रंगावरून सरकतं आणि ओरखडा कायमचा राहतो. १२० च्या पंख्याला साडेचार इंची, म्हणजे ११४ मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागतो. पत्र्याखाली प्लायचा तुकडा क्लॅम्प करा, म्हणजे मधलं बिट डगमगत नाही आणि पत्रा थरथरत नाही. वेग कमी ठेवा, तेलाचे दोन थेंब सोडा. दात पत्र्याला लागले की आवाज बदलतो. तेव्हा दाब वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. होल सॉ अडकला तर ड्रिल मनगटाला पीळ देतो.

चकती निघाली की कडेला बारीक पाती उभी राहते. अर्धगोल कानशीने आतून बाहेर घासा, मग पॉलिश पेपर मारा, आणि शेवटी कडेवर रबरी यू-पट्टी चढवा. बोट फिरवून बघण्याऐवजी कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे अजून धार आहे.

लाकडाचं कॅबिनेट पेटणार नाही का?

तापमानामुळे नाही. कॉम्प्युटरचे भाग शंभर अंशांच्या अलीकडेच स्वतःला आवरतात किंवा बंद होतात. लाकूड पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. आग लागली तर ती वाईट एसएमपीएसमुळे किंवा सैल कनेक्टरमुळे लागेल, आणि ती पत्र्याच्या कॅबिनेटमध्येही वाईटच. एसएमपीएसवर पैसे वाचवू नका आणि त्याला लाकडी पेटीत कोंडू नका, एवढं पुरे.

लाकडाचं खरं दुखणं म्हणजे पाणी. आपल्याकडे मे महिन्यात करकरीत वाळलेली फळी जुलैत फुगते. फुगते ती रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीला जवळजवळ नाही. सागवानाची रुंद फळी चारही बाजूंनी गोंद आणि स्क्रू लावून आवळली की पावसाळ्यात ती कमानीसारखी उठते किंवा दिवाळीनंतर मधोमध तडकते. स्क्रूची भोकं आडव्या दिशेला थोडी लांबट ठेवा, म्हणजे तिला हलायला जागा राहते. हे जमत नसेल तर चांगलं प्लायवूड घ्या आणि वर व्हिनियर लावा. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० असं लिहिलेलं असतं. साधा एमडीएफ कापायला लोण्यासारखा असतो, पण त्याच्या उघड्या कडा दमट हवा शोषतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. एमडीएफ वापरायचाच असेल तर कडांना सीलर किंवा पातळ केलेल्या फेव्हिकोलचा हात मारून मगच रंग द्या.

पत्रा किती जाडीचा घ्यावा?

फॅब्रिकेटर गेजमध्ये बोलतो, तुम्ही मिमीमध्ये. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिमी, २० गेज ०.९, १८ गेज १.२. बाजारातली स्वस्त कॅबिनेटं अर्ध्या मिमीच्या आसपासच्या पत्र्याची असतात आणि पंख्याबरोबर गुणगुणतात. घरच्या कामाला २० किंवा १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. ॲल्युमिनियम असेल तर दीड ते दोन मिमी. वाकवण्याचं काम बेंडिंग मशीनवाल्यालाच द्या आणि त्याला विचारूनच फाइल पक्की करा. पत्रा वाकताना ताणला जातो, त्यामुळे सपाट मापात किती धरायचं हे त्याच्या मशीनच्या डायवर ठरतं.

ॲक्रिलिक की पॉलीकार्बोनेट? सनबोर्ड चालेल?

लेझरवर कापायचं असेल तर ॲक्रिलिक. त्याची कड काचेसारखी स्वच्छ निघते. पॉलीकार्बोनेट हातोड्यालाही दाद देत नाही, पण लेझरखाली पिवळं-काळं पडतं, ते करवतीने कापावं. सनबोर्ड हा पीव्हीसीचा फोम असतो. तो लेझरवर कापू नका, कोणी कापून देतो म्हणाला तरी. त्यातून निघणारा आम्लयुक्त धूर फुप्फुसाला घातक आणि मशीनलाही.

ॲक्रिलिकला भोक पाडताना साधं बिट शेवटच्या क्षणी खेचलं जातं आणि शीट तडकते. मागे लाकूड ठेवा, वेग कमी ठेवा. स्वच्छ करताना काच पुसायचा फवारा किंवा स्पिरिट वापरू नका. अमोनिया आणि अल्कोहोलने ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात, खास करून स्क्रूंच्या आसपास. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

बाजूच्या टेम्पर्ड काचेला भोक पाडता येईल?

नाही. टेम्पर झालेली काच कापता किंवा भोसकता येत नाही, तिचा क्षणात चुरा होतो. भोकं आधी, टेम्परिंग नंतर. काचेच्या दुकानदाराला नकाशा द्या, तो कारखान्यातून करून आणतो.

थ्रीडी प्रिंट करून बनवलं तर?

कंस, जाळ्या, बटणं, केबल धरायच्या पट्ट्या यांना उत्तम. अख्खं कॅबिनेट मात्र तुकड्यातुकड्यांत छापून जोडावं लागतं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या गरम झोतात ते हळूहळू वाकतं. तिथे पीईटीजी किंवा एबीएस वापरा.

पॉवर बटण म्हणून काहीही लावता येतं का?

जवळजवळ काहीही. बोर्डला फक्त दोन पिना क्षणभर जोडल्या गेलेल्या हव्या असतात, आणि व्होल्टेज अगदी कमी असतं. दारावरच्या बेलचं बटण छान चालतं, दाबलं की जोडलं आणि सोडलं की सुटलं. भिंतीवरच्या दिव्याचं बटण मात्र लावू नका. ते खाली करून ठेवलं की बोर्डला वाटतं कोणीतरी बटण दाबून धरलंय, आणि चार सेकंदांत तो मशीन जबरदस्तीने बंद करतो. जुन्या रेडिओचं, शिलाई मशीनच्या पायपट्टीचं बटण लावायची कल्पना असेल तर आधी मल्टीमीटर लावून ते या दोनपैकी कोणत्या जातीचं आहे ते बघा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. माझ्या मॉडमुळे का?

बहुतेक वेळा नाही, घरच्या अर्थिंगमुळे. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगते. टेस्टर लावला तर तो मिणमिणतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका.

लाकडी कॅबिनेटमध्ये एक जास्तीचं काम असतं. एसएमपीएस आणि बोर्ड त्यांच्या त्यांच्या वायरीतून अर्थ होतात, पण बाहेरची लोखंडी मूठ, जाळी, पाय हे सुटे राहतात. जे जे धातूचं बाहेरून हाताला लागतं त्याला एक वायर लावून एसएमपीएसच्या बॉडीच्या स्क्रूला आणून बांधा. पावडर कोटिंग केलं असेल तर तिथला रंग खरवडा, रंगातून वीज जात नाही.

आणि एसएमपीएस उघडू नका, रंगवायलासुद्धा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

आरजीबीची तीन पिनांची पट्टी चार पिनांच्या कनेक्टरला जोडली तर?

तीन पिनांची पट्टी ५ व्होल्टची, चार पिनांची १२ व्होल्टची. पाचवालीला बारा दिलेत तर पट्टी मेली.

पंखे किती आणि कुठे?

पुढून किंवा खालून आत, मागून किंवा वरून बाहेर. दोन चांगले पंखे मोकळ्या जागेत लावले तर काचेमागे कोंडलेल्या सहा पंख्यांपेक्षा जास्त काम करतात. घरी बनवलेल्या कॅबिनेटात हमखास होणारी गडबड म्हणजे पुढे सुंदर नक्षी कापायची आणि हवेला वाट ठेवायची नाही. वारली चित्रांची जाळी कापून घेतलीत तर पंख्याच्या वर्तुळाइतकी तरी मोकळी जागा त्या नक्षीत एकूण भरते का, ते मोजा. नसेल तर नक्षी पंख्यापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे हवा कडेने शिरेल.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग फटींतून धूळ आत ओढली जात नाही, फक्त फिल्टरमधून हवा येते, आणि फिल्टर धुता येतो.

विदर्भात राहतो. मे महिन्यात काय करू?

नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असतात तेव्हा कोणताही पंखा खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळं जवळपास तितकंच वर जातं. म्हणून कॅबिनेटची परीक्षा जानेवारीत घेऊन समाधान मानू नका. आधी आणि नंतरचं तापमान मोजताना खोलीचंही लिहून ठेवा, आणि दोन्हींतला फरक बघा.

डेझर्ट कूलरच्या झोतासमोर मशीन ठेवू नका. थंड वाटतं खरं, पण ती हवा ओली असते आणि पाणी क्षारांचं असेल तर पांढरी पूड फिन्सवर बसते.

ओपन फ्रेम कॅबिनेट भारी दिसतं. बनवू का?

दिसतं भारीच. घरात पाल आहे का? मग विचार करा. रात्री उबेला ती बोर्डवर येते, आणि एका वेळी दोन चुकीच्या जागी पाय पडले तर तिचंही संपतं आणि कदाचित बोर्डचंही. उंदीर केबल कुरतडतात, झुरळं एसएमपीएसमध्ये घर करतात, लहान मूल फिरत्या पंख्यात पेन्सिल घालतं. भिंतीवर टांगलेलं उघडं मशीन वातानुकूलित, बंद खोलीत शोभतं. इतरांनी बारीक जाळी लावावी, त्यात कमीपणा नाही.

रंग स्प्रेचा की पावडर कोटिंग?

पत्र्याला पावडर कोटिंग, शक्य असेल तर नेहमीच. भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यामुळे प्लास्टिकचं सगळं आधी काढा. थर जाड बसतो, म्हणून आटे असलेली भोकं झाकून द्यायला सांगा, नाहीतर एकही स्क्रू जाणार नाही. एमआयडीसीत हजारो भागांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना तुमचे चार पत्रे नको असतात. त्यांच्याकडे आज कोणता रंग चालू आहे ते विचारा आणि त्याच रंगात आपले पत्रे सरकवा. काळा बहुतेक रोज चालू असतो.

लाकडावर लॅकर मारायचं असेल तर पावसाळ्यात हात लावू नका. दमट हवेत त्यावर दुधी झाक येते. दसरा-दिवाळीच्या कोरड्या हवेपर्यंत थांबा. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा ओळखीचा असेल तर पुट्टी, प्रायमर आणि पॉलिशमध्ये त्याचा हात कोणत्याही व्हिडिओपेक्षा चांगला.

वॉटर कूलिंग? आणि ते तेलात बुडवलेलं मशीन?

वॉटर कूलिंग करायचं तर तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेऊ नका, एकाच पाण्यात दोन धातू आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. भरल्यावर फक्त पंप चालवून एक रात्र गळती तपासा. त्यासाठी २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर एका काळ्या वायरीला जोडली की एसएमपीएस बोर्डशिवाय सुरू होतो. बाकी सगळ्या भागांची वीज काढलेली असू दे, आणि सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवा.

मिनरल ऑइलचं मशीन चालतं, यात खोटं काही नाही. अमेरिकेतली प्युजेट सिस्टिम्स त्याचे तयार संचही विकायची, पुढे पेटंटच्या कारणाने ते बंद केले. पण तेल केबलींतून वर चढतं आणि टेबलावर ठिबकतं, रबर आणि प्लास्टिक कडक होतं, आणि एकदा बुडवलेला भाग परत विकता येत नाही. चकती फिरणारी हार्ड डिस्क तर त्यात घालायचीच नाही, तिला श्वासाचं भोक असतं. प्रदर्शनापुरतं ठीक.

छोटं कॅबिनेट करायचंय. 'लिटर' म्हणजे काय भानगड?

बाहेरची लांबी, रुंदी, उंची गुणायची. मघाशी उल्लेख केलेलं एनकेस एम१ १६० × २४० × ३२८ मिमीचं, म्हणजे १२.६ लिटर. नेहमीचं टॉवर चाळीस-पन्नास लिटरचं असतं. छोट्यात आकार ठरवतं ते ग्राफिक्स कार्ड, आधी ते घ्या आणि मग पेटी आखा. कार्ड बोर्डच्या मागे ठेवायचं तर त्याला स्लॉटशी जोडणारी लवचिक रायझर केबल लागते. जुन्या पिढीची केबल आणि नवं कार्ड असेल तर मशीन चालू होत नाही किंवा अधूनमधून बंद पडतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, स्लॉट जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या वेगावर) आणून बघा. नव्या कार्डांच्या १६ पिनांच्या पॉवर केबलला कनेक्टरपासून ३५ मिमी तरी सरळ जाऊ द्या, झाकणाने ती तिथेच दुमडली तर कनेक्टर तापतो.

साहित्य आणि कारागीर कुठे शोधायचे?

मुंबईत पार्ट्स लॅमिंग्टन रोडला, हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, वायरी आणि बटणं लोहार चाळीत. पुण्यात बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक सामान तपकीर गल्लीत आणि लेझर कटिंग-बेंडिंग भोसरीच्या बाजूला. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायची गरज नाही, नाशिककरांना सातपूर-अंबड. सुतार मात्र गल्लीतलाच बरा, ज्याच्याकडे रोज संध्याकाळी डोकावता येईल. नक्षीला रंग नको, नुसतं स्टिकर हवं असेल तर गाड्यांच्या नंबरप्लेट करणारा रेडियमवाला हवी ती आकृती कापून देतो.

श्रावण लागला की ॲक्रिलिक-एमडीएफ कापणाऱ्या लेझरवाल्यांकडे जाऊ नका. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांचं बरंच काम त्यांच्याकडे गेलंय. तुमचे चार तुकडे गणपती उठेपर्यंत कोपऱ्यात पडून राहतील.

वॉरंटी जाते का?

कॅबिनेटची जाते. आत बसवलेल्या भागांना तुम्ही कापलं, रंगवलं किंवा उघडलं नसेल तर त्यांच्या वॉरंटीचा कॅबिनेटशी संबंध नाही. ग्राफिक्स कार्डाचं आवरण रंगवायला काढलंत तर स्क्रूवरचं सील तुटतं, आणि मग सेवा केंद्रात वाद घालायची तयारी ठेवा. सगळ्या सीरियल नंबरांचे फोटो बसवण्याआधी काढून ठेवा. तयार कॅबिनेटात ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात.

बनवलेलं मशीन दुसऱ्या गावी न्यायचंय. कुरिअरने पाठवू?

पूर्ण जोडलेलं तर मुळीच नाही. ग्राफिक्स कार्ड काढा, वजनदार टॉवर कूलर असेल तर तोही काढा, आणि दोन्ही आपापल्या खोक्यात घाला. काच वेगळी, गादीत गुंडाळून, उभी ठेवा. शक्य असेल तर स्वतःच्या गाडीतून न्या. कॅबिनेट आडवं, म्हणजे बोर्ड जमिनीला समांतर आणि कूलर वर तोंड करून राहील असं ठेवा, म्हणजे खड्ड्यांचे हादरे स्लॉटवर येत नाहीत. वॉटर लूप असेल तर निघण्याआधी रिकामा करा. पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. आधी पॅनेल उघडून प्रत्येक कनेक्टर अंगठ्याने दाबून बघा, एखादा स्क्रू सुटून पडलाय का ते हलवून ऐका, मग प्लग लावा.